काळाराम सत्याग्रह आणि दफ्तराची नजर

२ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून जो सत्याग्रह सुरू झाला, त्याविषयी विद्वानांनी आजवर पुष्कळ लिहिले आहे. परंतु ज्या कागदांच्या आधारे हे लेखन होते, ते कोणी, कोणत्या हेतूने आणि दाराच्या कोणत्या बाजूस उभे राहून लिहिले, हा प्रश्न अभ्यासकाने सर्वांआधी विचारला पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

महाराष्ट्र शासनाने १९८२ साली डॉ. आंबेडकर आणि अस्पृश्यांची चळवळ यांविषयीच्या साधनांचा पहिला खंड इंग्रजीत प्रसिद्ध केला, त्यात पोलिसांच्या गुप्त अहवालांचे उतारे आहेत. त्यांचे मोल मोठे आहे, कारण अंमलदाराला सभेची तारीख आणि वक्त्यांची नावे टिपून ठेवावीच लागत. मात्र त्याची चिंता बंदोबस्ताची होती, न्यायाची नव्हे. त्या वर्षीच्या रामनवमीस रथ स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोन्ही पक्षांनी मिळून ओढावा असा समेट झालेला असताना, सत्याग्रहींचा हात दोराला लागण्यापूर्वीच रथ पळवून नेण्यात आला आणि दगडफेक झाली; हा प्रसंग दफ्तरात ‘दोन जमावांतील दंगा’ म्हणून नोंदला, की वचन मोडणारा आणि वचनावर विसंबलेला हा भेदच पुसला जातो. जमावबंदीचा हुकूम वरकरणी सर्वांना सारखा लागू असतो. पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या आत जाता येते त्याचे त्याने काही बिघडत नाही, आणि ज्याला उंबरठ्याशी अडवले आहे त्याची फिर्याद मात्र शांततेच्या नावाखाली बेमुदत तहकूब राहते. हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याची ही तटस्थता संशोधकाने आपलीच वस्तुनिष्ठता मानून उचलली, तर न्यायाचा अभ्यास बंदोबस्ताचा अभ्यास होऊन बसतो.

पाच वर्षे झगडूनही दरवाजे उघडले नाहीत, सबब सत्याग्रह फसला, हा निष्कर्ष याच नजरेतून निघतो. सत्याग्रह समितीचे चिटणीस दादासाहेब गायकवाड हे दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. त्यांना ३ मार्च १९३४ रोजी लिहिलेल्या पत्रात डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट सांगितले होते की, मूर्तिपूजेने उद्धार होईल म्हणून नव्हे, तर अस्पृश्यवर्गात चेतना यावी आणि त्याला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, म्हणून हा लढा आपण आरंभला. ते काम झाले आहे, आता शक्ती शिक्षण आणि राजकारण यांकडे वळवावी. हे एक पत्र हाती असले की, १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा निराशेचा उद्रेक वाटत नाही. एका विचाराची ती पुढची पायरी ठरते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला १९६९ साली महार चळवळीवर प्रबंध सादर करणाऱ्या एलिनॉर झेलियट यांनी सरकारी कागदांवर न थांबता मराठी वृत्तपत्रे वाचली आणि चळवळीतील माणसांना बोलते केले. सातासमुद्रापलीकडच्या विदुषीने घेतलेले हे कष्ट आमच्याच जिल्ह्यातील महाविद्यालयांना जड का वाटावेत? सत्याग्रहाच्या तुकड्यांत स्त्रियाही होत्या. त्यांच्यामागे घर आणि मजुरी कोणी सांभाळली, गावी परतल्यावर पाटलाने आणि सावकाराने त्यांना कसे वागवले, याचा जबाब कोणत्याही अंमलदाराने घेतला नाही. तो आता दिंडोरी, निफाड, सिन्नरच्या वस्त्यांतील नातवंडांच्या आठवणींत आणि ट्रंकांतल्या पत्रांत, पावत्यांत, सभेच्या हस्तपत्रकांत शोधावा लागेल, आणि वाळवी लागण्याआधी हे कागद गोळा करण्यास फार मोठ्या अनुदानाचीही गरज नाही.