फेरसुनावणी आणि नम्रता

आपल्याविरुद्ध लागलेला निर्णय पुन्हा तपासा, अशी विनंती करणे ख्रिस्ती नम्रतेला शोभते का? हा प्रश्न मला एका गृहस्थांनी विचारला. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत त्यांचे काम चाले. त्यांचा व्यवसाय कोणता हे मी सांगत नाही; आपल्या भागात कॅथलिक कुटुंबे इतकी मोजकी आहेत की तेवढ्यावरूनही माणूस ओळखला जाईल. परवाना देणाऱ्या मंडळाने त्यांचा परवाना दोन वर्षांसाठी निलंबित केला होता. आमचे हे बोलणे पापनिवेदनात झालेले नव्हते, आणि ते लिहिण्यास त्यांची संमती आहे.

मंडळाने त्यांच्यावर दोन दोष ठेवले होते. कागद न वाचता त्यांनी सही केली हा एक, आणि त्या सहीसाठी पैसे घेतले हा दुसरा. पहिला खरा, दुसरा खोटा, असे ते सांगत. पैसे घेतले नसल्याचे दाखवणारी एक नोंद त्यांना निकालानंतर सापडली होती. तरीही अर्ज करण्यास ते तयार नव्हते. “फादर, प्रभू येशू पिलातापुढे गप्प राहिला. मीही हा क्रूस मुकाट्याने वाहीन,” असे ते म्हणाले. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने मान खाली घातली. घरात दोन मुलांची शिक्षणे चालू होती.

क्रूसाचे नाव निघाले की आम्हा धर्मगुरूंची जीभ अडखळते. पण प्रत्येक मौन प्रभूचे मौन नसते. प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा आपले काय चुकले ते दाखव, असे प्रभूने त्याला स्पष्ट विचारले होते. प्रेषित पौलाने तर राज्यपाल फेस्तासमोर रोमन नागरिकाचा हक्क वापरून कैसराकडे दाद मागितली. त्या गृहस्थांच्या मौनात मला नम्रतेपेक्षा दुखावलेला स्वाभिमानच अधिक दिसला. ज्यांनी आपल्याला दोषी ठरवले त्यांच्याच दारात पुन्हा हात जोडून उभे राहायचे, हे त्यांना सोसवत नव्हते.

प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यात, सोमवारच्या मिस्सेत आपण सुसान्नेची कथा ऐकतो. दोन वडीलधाऱ्यांच्या खोट्या साक्षीवरून तिला मरणदंड ठरला, लोक तिला घेऊन निघालेही, आणि तरुण दानिएलाने सर्वांना न्यायसभेत परत बोलावले. दोघा साक्षीदारांना वेगवेगळे करून त्याने झाडाचे नाव विचारले आणि खोटे उघडे पडले. आपण दानिएलाच्या चातुर्याचे कौतुक करतो. मला मात्र परत फिरलेल्या त्या लोकांचे नवल वाटते. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी निकाल दिला होता, आणि तो मागे घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. फेरसुनावणीची विनंती म्हणजे न्याय करणाऱ्याचा अवमान नव्हे. त्याच्याही ठायी सद्सद्विवेक आहे, असा विश्वास तिच्यात असतो.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातही हा विचार आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १७३४ वे कलम सांगते की, एखाद्या आदेशाविरुद्ध वरिष्ठांकडे जाण्यापूर्वी, ज्याने तो आदेश काढला त्याच्याकडेच तो मागे घेण्याची किंवा बदलण्याची लेखी मागणी करावी. मुदत दहा दिवसांची. ज्याच्या हातून चूक झाली असेल, ती सुधारण्याची पहिली संधी त्यालाच मिळते.

आपल्या देशात वकिलांच्या बाबतीत १९६१ च्या कायद्याचे ४४ वे कलम शिस्तपालन समितीला स्वतःचा आदेश साठ दिवसांत पुन्हा तपासण्याचा अधिकार देते. आमचे गृहस्थ वकील नव्हेत. पण या कलमाविषयी १९७० साली, हिदायतुल्ला सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले ते मी त्यांना मुद्दाम सांगितले. हा अधिकार व्यापक आहे आणि तो वकिलाच्या बाजूने वापरता येतो तसा त्याच्या विरुद्धही. म्हणजे दार ठोठावणाऱ्याने आत जाताना पुन्हा पारखले जाण्याची तयारी ठेवायला हवी.

यावर त्यांनी गांधीजींचे उदाहरण दिले. माणूस वाचणारा होता. लंडनच्या इनर टेंपलने १० नोव्हेंबर १९२२ रोजी गांधीजींचे नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढले, तेव्हा ते येरवड्याच्या तुरुंगात होते. ते नाव पुन्हा लागले १९८८ साली, मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. पण गांधीजींनी त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अहमदाबादच्या न्यायालयात स्वतःच आरोप मान्य करून कठोरात कठोर शिक्षा मागितली होती. त्यांच्याबाबत ऐकायचे काही राहिलेच नव्हते. यांच्याबाबत राहिले होते.

दुसऱ्या आठवड्यात ते अर्जाचा मसुदा घेऊन आले. तीन पाने पैशांच्या आरोपाविषयी होती. सहीविषयी मात्र एक शब्द नव्हता. त्या सहीमुळे एका विधवा बाईचे नुकसान झाले होते. फेरसुनावणी झाली तर बहुधा तिलाही पुन्हा बोलावणे जाईल, दिवसाची मजुरी बुडेल, हेही त्यांच्या लक्षात आले नव्हते. मी विचारले, “ती बाई या अर्जात कुठे आहे?” तिची माफी मागायला लगेच तिच्या घरी जातो, असे ते म्हणाले. मी त्यांना थांबवले. तक्रारदाराला असे भेटणे दबाव समजले जाण्याचा संभव असतो. जे सांगायचे ते अर्जातच लिहा, म्हटले.

त्यांनी माझ्याच टेबलावर नवे पान घेतले. सहीची चूक आता पहिल्या परिच्छेदात आली. पत्नीने तो वाचला आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. “आणि हे वाचून त्यांनी शिक्षा वाढवली तर, फादर?” त्यांनी विचारले. तसे होऊ शकते, एवढेच मी म्हणू शकलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी खाली तारीख घातली. मुदतीचे नऊ दिवस उरले होते, आणि नांदेडहून मुंबई म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसची एक रात्र.