मुळाची ओढ

एका खेडूत अरबाची हकीकत हदीसमध्ये आली आहे. बायकोला काळे मूल झाले म्हणून मनात संशय घेऊन तो पैगंबरांकडे (स.) गेला. त्यांनी त्याच्या उंटांची चौकशी केली. उंट तांबडे होते, पण त्यांत काही करडेही होते. ते कुठून आले? एखाद्या जुन्या मुळाने ओढून आणले असतील, असे तोच म्हणाला. मग मुलाचेही तसेच झाले असेल, असे पैगंबरांनी त्याला समजावले.

या हदीसमधून जनुकशास्त्र काढून दाखवण्याचा हौशी उद्योग मला करायचा नाही. मला त्यात दिसते ती संशयापासून वाचलेली एक बाई.

मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्यांवरचे प्रयोग छापले. उंच आणि बुटक्या झाडांच्या संकरात पहिल्या पिढीत बुटकेपणा नाहीसा होतो, दुसऱ्या पिढीत चौथा हिस्सा बुटका निघतो. म्हणजे तो गेलेला नसतो, दबलेला असतो. थॅलेसेमियाचे असेच आहे. एक सदोष जनुक बाळगणारा माणूस धडधाकट असतो. असे दोघे एकत्र आले की प्रत्येक गरोदरपणात पंचवीस टक्के धोका. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. त्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि बोल लागतो तो आईला. निम्मा वाटा बापाचा असतो, हे कोणी बोलत नाही.

चुलत-मावस नात्यांत निकाह झाला की ही गाठ पडण्याचा संभव वाढतो. (मामाची मुलगी करणारे हिंदू शेजारीही यातून सुटत नाहीत.) पण नात्याबाहेर गेलो म्हणजे निर्धास्त झालो, असेही नाही.

रिश्ता ठरवताना आपण खानदान पाहतो, रंग पाहतो. रक्ताची चाचणी मागितली की अपमान वाटतो. इराणने ती १९९७ पासून लग्नाआधी सक्तीची केली, सौदी अरेबियाने २००४ पासून. सौदीत अहवाल कसाही आला तरी निकाहला मनाई नाही, निर्णय दोघांचा.

दोष बाळगणे हा गुन्हा नाही; माहीत असून लपवणे ही मात्र फसवणूक आहे, असे मी मानतो. पण मुलीने खरे सांगितले तर तिचा रिश्ता मोडतो, धाकट्या बहिणींचेही अडते. तिने एकटीनेच का सोसावे? म्हणून चाचणी आधी मुलाची व्हावी. तो वाहक नसेल तर थॅलेसेमियापुरती मुलीला सुई टोचायचीही गरज उरत नाही, आणि बिरादरीत तिचे नाव निघत नाही.