शब्द कधी सुटतो?



आपल्या केळव्यात वाडीचा, खोल्यांचा किंवा मंडपाचा व्यवहार अजूनही पुष्कळदा तोंडी ठरतो. इसारा हातावर पडला की शब्द दिला गेला. पण 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी आली. समजा, मे महिन्यातल्या लग्नाच्या पाहुण्यांसाठी एका कुटुंबाने इथल्या घरगुती निवासाच्या खोल्या ठरवल्या आणि वीस हजार रुपये आगाऊ दिले. खोल्या उघडताच आल्या नाहीत. दोष ना देणाऱ्याचा, ना घेणाऱ्याचा. मग ते पैसे कोणाचे?

कायद्याप्रमाणे करार मुख्यतः चार वाटांनी संपतो. दोघांनी आपापले काम पुरे केले, दोघांनी राजीखुशीने तो सोडला, किंवा एकाने मोडला आणि भरपाई अंगावर घेतली. चौथी वाट भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 56 मध्ये आहे: करार झाल्यावर, आपला दोष नसताना, काम अशक्य होऊन बसले तर करार रद्द ठरतो. सत्यव्रत घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अशक्य याचा अर्थ अक्षरशः अशक्य एवढाच नाही. ज्या पायावर व्यवहार उभा होता तो पायाच ढासळला तरी पुरे.

मात्र महाग पडणे म्हणजे अशक्य होणे नव्हे. लष्कराला तूप पुरवणाऱ्या अलोपी प्रसाद यांना युद्धकाळात खर्च वाढला म्हणून ठरल्यापेक्षा जास्त मोबदला मिळाला नाही, असा निकाल 1960 मध्ये लागला. एप्रिल 2020 मध्ये पोलाद आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांनी टाळेबंदीचे कारण पुढे केले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने टाळेबंदी मर्यादित काळाची आहे, असे सांगून त्यांना दिलासा नाकारला.

हा विचार आपल्याला नवा नाही. निर्गमाच्या 22 व्या अध्यायात शेजाऱ्याकडे राखायला दिलेल्या जनावराचा नियम आहे. ते हिंस्र पशूने फाडले, तर राखणाऱ्याने भरपाई द्यायची नाही. पण फाडलेले जनावर पुराव्यासाठी आणून दाखवायचे. चोरीला गेले, तर मात्र भरून द्यायचे. म्हणजे सुटका आहे, पण ती नुसत्या तोंडच्या सबबीवर नाही.

आपण स्वतःला हेच विचारावे. "जमणार नाही" म्हणताना माझ्याजवळ दाखवायला खरोखर काही आहे, की दुसरीकडे जास्त भाव मिळतो आहे? पंधरावे स्तोत्र तर नुकसान सोसूनही शब्द पाळणाऱ्याला देवाच्या डोंगरावर जागा देते.

आता त्या वीस हजारांचे. वेगळे काही ठरले नसेल, तर कलम 65 प्रमाणे रद्द झालेल्या करारात घेतलेला लाभ परत द्यावा लागतो. म्हणून पैसे परत करणे हा उपकार नाही, तो न्याय आहे. पण मालकाने त्यातलेच काही आचाऱ्याला देऊन टाकले असतील, तर? तिथे लग्नघरच्यांनी थोडे सोडावे, मालकाने हप्त्याने द्यावे. कायदा हक्क सांगतो. तो हक्क किती ताणायचा हे प्रीती ठरवते.

आणि एक शब्द असा आहे, जो आजारपणाने किंवा गरिबीने सुटत नाही. वेदीसमोर वधूवरांनी दिलेला शब्द वाईट दिवस गृहीत धरूनच दिलेला असतो. म्हणून तो केवळ करार नाही, तो संस्कार आहे.

या आठवड्यात कोणाचे काही देणे राहिले असेल, तर त्याच्या दारी आपणच आधी जाऊ या.