भास्कराचे गाठोडे

दत्तभक्तहो, श्रीगुरुचरित्राच्या ३८व्या अध्यायातील भास्कर ब्राह्मणाची कथा आपण दर सप्ताहात वाचतो. तिघांपुरत्या शिध्यात श्रीगुरूंनी गाणगापुरात ४,००० माणसे जेवविली, हे सर्वांच्या लक्षात राहते. पण त्याआधीचे ३ महिने आठवा. घरचा दरिद्री हा भास्कर. लोक चेष्टा करीत होते, तरी त्याने गाठोडे सोडले नाही. गुरूंच्या भिक्षेसाठी म्हणून बाजूला ठेवले ते ठेवलेच. आणि आज्ञा होताच सगळे चुलीवर चढवले, एक मूठही मागे राखली नाही.

कंजूष माणूस वेळ आली तरी गाठ सोडत नाही, उधळ्या माणूस वेळेआधीच सोडतो. भास्कराने केली ती खरी काटकसर.

आता आपल्या घरात बघा. पेन्शन हातात आली की आधी खर्च, उरलं तर शिल्लक. अहो, मग उरणार कसं? एक तारखेलाच किराणा, वीजबिल, औषधं यांची पाकिटं वेगळी करा. थोडं अडीअडचणीला, चिमूटभर अन्नदानाला काढा. नातवाने मोबाईलचा हट्ट धरला तरी औषधाच्या पाकिटाला हात लावू नका. त्याला प्रेमाने सांगा, "बाळा, पुढच्या महिन्यापासून साठवू." आणि दत्तजयंतीचा उत्सव ऋण काढून तर नकोच. चिमूटभर सुंठवडाही महाराजांना पोचतो.

ज्या कामासाठी ठेवलं, त्याच कामी यावं. भास्कराचा तेवढाच नेम होता. बरकत देणारे महाराज समर्थ आहेत.

श्री गुरुदेव दत्त!