नाकाबंदी कुठे लावायची?

ठाण्याच्या हाताशी एक पथक, चार बॅरिकेड आणि एक ब्रेथ अ‍ॅनालायझर. हद्दीत दारू पिऊन गाड्या हाकल्या जातात असे रस्ते तीन. संध्याकाळी पथक कुठे उभं करायचं? मुरलेल्या अंमलदाराचं उत्तर तयार असतं: जिथे केसेस जास्त मिळतात तिथे. बंदोबस्त सहसा तसाच लागतो आणि महिनाअखेरीला आकडाही बरा दिसतो.

राजस्थान पोलिसांनी हे उत्तर २०१०च्या सुमारास तपासून पाहिलं. आयपीएस अधिकारी नीना सिंह यांच्यासोबत अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि डॅनियल केनिस्टन हे अर्थतज्ज्ञ होते. काही ठाण्यांनी एकाच मोक्याच्या जागी नाकाबंदी लावली, काहींनी ती तीन जागांवर फिरती ठेवली. कोणत्या ठाण्याच्या वाट्याला काय येणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. निकाल स्पष्ट होता. फिरत्या नाकाबंदीने रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी आणि रात्रीच्या अपघातांतले मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. एकाच जागी ठाण मांडलेल्या नाकाबंदीचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही.

कारण पिणाऱ्यांनाही डोकं असतं. पोलिस कुठे उभे असतात हे चार दिवसांत कळतं आणि गाडी आतल्या रस्त्याने निघते. म्हणजे निर्णय दोन अंदाजांवर टांगलेला होता: आडवाट किती सोयीची आहे आणि खबर किती लवकर पसरते. अंमलदाराच्या डोक्यातही हे अंदाज असतातच. फक्त ते कधी कागदावर उतरत नाहीत, म्हणून चुकीचे ठरले तरी कुणाच्या लक्षात येत नाहीत.

असे अंदाज कागदावर उतरवण्याचं शास्त्र म्हणजे निर्णय-विश्लेषण. रोनाल्ड हॉवर्ड यांनी १९६६ साली त्याला हे नाव दिलं आणि हॉवर्ड रायफा यांच्या १९६८च्या पुस्तकाने ते व्यवस्थापनाच्या वर्गांत नेलं. रीत साधी आहे. साधायचं काय ते लिहा, पर्याय मांडा, प्रत्येकाचा कोणता परिणाम किती शक्य आहे याचा अंदाज करा, त्या परिणामांचं मोल ठरवा. शेवटी एक प्रश्न उरतो: आत्ताच निर्णय घ्यायचा, की थोडा खर्च करून आधी आणखी माहिती मिळवायची? मुंबईत आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग २०१६ साली आधी एकट्या देवनार पोलिस ठाण्यात झाला आणि मग इतर ठाण्यांत गेला. निर्णय-विश्लेषणाचं नाव कुणी घेतलं नसेल, पण अक्कल तीच.

सगळ्यात अवघड पहिलीच पायरी. नोंदलेले गुन्हे कमी करणं हेच उद्दिष्ट धरलं, तर सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे गुन्हा नोंदवूनच न घेणं! तक्रारदाराची अदखलपात्र नोंदीवर, म्हणजे ‘एनसी’वर बोळवण करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. राजस्थानात याच संशोधकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात तोतया तक्रारदार ठाण्यांत पाठवले गेले. गुन्हा दाखल करून घेतात का, हे पाहायला रजिस्टरचा उपयोग नव्हता.

नोंदींवर विसंबलेलं यंत्रही त्याच खड्ड्यात पडतं. अमेरिकेत ‘प्रेडपोल’ ही संगणकप्रणाली जुन्या नोंदींवरून गस्तीच्या जागा सुचवत असे. पण गस्त जिथे जाते तिथे गुन्हे सापडतात, आणि सापडले की पुढची गस्त पुन्हा तिथेच. टीका वाढत गेली. २०२० साली लॉस एंजेलिस पोलिसांनी पैशाचं कारण देऊन ही प्रणाली बंद केली.

उद्दिष्ट नेमकं असलं आणि माहिती चोख असली, तरी एक पेच सुटत नाही. अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात १९८१-८२मध्ये घरगुती मारहाणीच्या ३१४ प्रकरणांचा प्रयोग झाला. पोलिसांच्या पॅडवर वेगवेगळ्या रंगांचे फॉर्म होते. जो रंग वर येईल त्याप्रमाणे मारणाऱ्याला अटक करायची, समजूत घालायची किंवा आठ तासांसाठी घराबाहेर काढायचं. सहा महिन्यांतल्या पोलिस नोंदींत अटक झालेल्यांपैकी १० टक्के जणांनी पुन्हा हात उचलला होता. समजूत घातलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के, बाहेर काढलेल्यांत २४ टक्के. अनेक राज्यांनी अटक सक्तीची केली. मग इतर शहरांत प्रयोग झाले आणि चित्र गढुळलं. मिलवॉकीत नोकरी असलेले अटकेने वचकले, बेकार मात्र उलट जास्त हिंसक झाले.

इथे नुसतं गणित सांगेल की नोकरदाराला अटक करा, बेकाराला सोडा. पुन्हा मार खाण्याची शक्यता त्याने खरोखर घटेल. तरीही असा नियम कोणताही सुसंस्कृत समाज लिहून काढणार नाही, कारण कायदा पगाराची पावती पाहून चालू लागला तर दुसरंच काही तुटतं. ते ‘दुसरं’ किती मोलाचं, आणि त्यासाठी एखाद्या बाईने किती जोखीम सोसायची? हा सवाल राजकीय आहे. आयुक्तांच्या केबिनमध्ये किंवा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो परस्पर मिटवला, तरी राजकीयच राहतो. निर्णय-विश्लेषणाची गरज नेमकी इथे आहे. कुठे कुणाच्या सुरक्षेला किती वजन दिलं, हे त्याच्या तक्त्यात लपत नाही आणि म्हणून त्यावर भांडता येतं.

पोलिसांचा आक्षेप असतो की डावपेच उघडे केले तर गुन्हेगार सावध होतील. पण लॉस एंजेलिसच्या विमानतळावर २००७पासून मिलिंद तांबे यांच्या संशोधनगटाने तयार केलेली ‘आर्मर’ प्रणाली तपासणी नाक्यांचं वेळापत्रक ठरवू लागली. महत्त्वाच्या जागांना जास्त वजन, पण आजचा नाका कुठे हे नशिबावर. ही रीत शोधनिबंधांत छापलेली आहे. हल्लेखोराने ती वाचली तरी उद्या सकाळी नाका कुठे असेल, हे त्याला कळत नाही. तेव्हा गुप्त ठेवायचं ते रोजचं वेळापत्रक. उद्दिष्टं आणि वजनं उघड करायला हरकत नसावी.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘मार्वल’ ही कंपनी स्थापन केली आहे. तिच्याकडून येणारी प्रत्येक शिफारस कोणत्या नोंदींवर उभी आहे, त्या नोंदींत ‘एनसी’वर परत पाठवलेली माणसं मोजली आहेत का, आणि यश मोजायचं ते अटकांवर की टळलेल्या इजांवर, हे गृह विभागाने विधिमंडळापुढे लेखी ठेवायला हवं. कंपनीची कोणतीही प्रणाली सगळ्या जिल्ह्यांत पोचण्याआधी, काही ठाण्यांत ती वापरून आणि काहींत न वापरता, तिचा पडताळाही तितक्याच उघडपणे व्हायला हवा.