टाळकऱ्यांचं तिकीट

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. संत वामनभाऊंचा गहिनीनाथगड याच तालुक्यात, त्यामुळे कीर्तन ऐकणं हा इथला घरोघरचा रिवाज आहे. रात्री कीर्तन उभं राहण्याआधी मंडपाच्या कडेला थोडा वेळ थांबावं. पखवाजवादक पाणी घालून कणीक मळत असतो. मळलेला गोळा डाव्या पुडीवर थापतो, हात मारून ऐकतो, थोडी कणीक काढतो, पुन्हा लावतो. मग हातोडीनं ठोकत उजवी पुडी पेटीच्या सुरात आणतो. तोवर टाळकरी मागं ओळीनं उभे राहिलेले असतात. कुणी दिवसभर रानात राबून आलेला, कुणी आळंदीला शिकून परतलेला.

ही ओळ म्हणजे कीर्तनाची सजावट नव्हे. कीर्तनकार चरण सोडतो तेव्हा ध्रुपद तीच धरते, आणि तेवढ्यात त्याला दम घ्यायला, पुढचं प्रमाण आठवायला उसंत मिळते. चाल चढली की टाळांची लय चढते आणि समोर बसलेली माणसं आपोआप टाळ्या धरतात. तुकोबांच्या मागं चौदा टाळकरी होते, असं परंपरा सांगते. नारदीय कीर्तन एक बुवा, पेटी आणि तबला एवढ्यावर उभं राहू शकतं. वारकरी कीर्तनाचं तसं नाही.

आता हेच कीर्तन परदेशात न्यायचं म्हटलं की काय होतं? मराठी माणसांच्या संस्था तिकडं जुन्या आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचं. बोलावणाऱ्यांची माया खरी असते, पण विमानाचं तिकीट प्रत्येक माणसाचं वेगळं लागतं. खर्च बसेना की यादी कापली जाते, आणि ती खालून कापली जाते. आधी टाळकरी, मग गायक, शेवटी पखवाजवादकही. बुवा तेवढे जातात. तिथं पोचतं ते प्रवचन. ते चांगलंच असतं, पण त्याला कीर्तन म्हणवत नाही.

पैसे जमले तरी व्हिसा आडवा येतो. अमेरिकेत पारंपरिक कलेच्या कार्यक्रमासाठी पी-३ नावाचा वेगळा व्हिसा आहे. तिकडच्या यजमानानं आधी अर्ज करायचा, कला अस्सल असल्याचं जाणकाराचं पत्र जोडायचं. पुढं मुलाखतीत, परत येशील याचा भरवसा काय, असा प्रश्न येतो. पाटोद्याच्या टाळकऱ्याचे आईवडील दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले असतात. घराला कुलूप, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर, आणि त्याची स्वतःची कमाई सप्ताहातल्या पाकिटांची. बँकेच्या पुस्तकात दाखवण्यासारखं काय असणार? ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी वाटा तुडवल्या, त्याच्याच मुलाला कलेसाठी बाहेर पडताना अडवलं जातं, हे मला सहन होत नाही.

खर्चाचं कारण मी पूर्ण मानत नाही. ‘घाशीराम कोतवाल’ १९८० मध्ये युरोपात गेलं तेव्हा विरोध, वाद सगळं झालं, पण नाटकातली माणसांची भिंत कुणी घरी ठेवली नाही. भिंत नसती तर नाटकच नव्हतं. रॉयस्टन एबल यांनी राजस्थानच्या मांगणियारांना घेऊन २००६ मध्ये उभा केलेला प्रयोग चाळीसच्या वर कलावंतांसह जगभर फिरला. तिथंही कुणी म्हणालं नाही की चौघे पुरेत. समूह हीच कला आहे, असं ज्यांनी ठामपणे सांगितलं, त्यांच्यासाठी पैसे उभे राहिले. आपण ते कधी ठामपणे सांगितलं का?

साथीदाराचा मान हासुद्धा याच प्रश्नाचा भाग आहे. रविशंकरांबरोबर १९६७ मध्ये माँटेरीच्या संगीत महोत्सवात अल्लारखाँ तबला वाजवत होते. त्या दोघांच्या दौऱ्यांतून तबलजी हा बरोबरीचा कलावंत आहे हे पाश्चात्त्य श्रोत्यांना कळलं. त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन पुढं स्वतःच्या नावावर सभागृहं भरवू लागले. पखवाजाच्या वाट्याला हे फारसं आलं नाही. आणि बीड जिल्ह्याला तर याची विशेष खंत वाटायला हवी, कारण आपेगावच्या शंकरबापूंनी वारकरी पखवाज पद्मश्रीपर्यंत नेला.

तिकडच्या मराठी मुलांना टाळ शिकवून ओळ तिथंच उभी करावी, असं कुणी सुचवेल. मला ते पटतं, पण एका अटीवर. अली अकबर खाँनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात संगीताचं कॉलेज काढलं आणि ते तिथं राहिले. आठवड्यात तीन गावं करणाऱ्या दौऱ्यातून शिष्य घडत नाहीत. तापवलेल्या कोरड्या सभागृहात कातडं चढतं, कणीक लवकर सुकते, ती किती सैल मळायची हे शिकणाऱ्याला दहा वेळा चुकून कळतं, आणि चूक दाखवायला शेजारी शिकवणारा लागतो. तेव्हा मंडळांनी मोठ्या नावाच्या एका बुवांची तीन रात्रींची वारी करण्यापेक्षा एक पखवाजवादक आणि दोन टाळकरी तीन महिन्यांसाठी बोलवावेत. अर्जात त्यांची नावं पहिली लिहावीत, जाणकाराचं पत्र त्यांच्यासाठी मिळवावं, आणि मानधन थेट त्यांच्या खात्यात जमा करावं, म्हणजे पुढच्या मुलाखतीत दाखवायला त्यांच्याकडं पासबुक असेल.