पाव्हणं, कुठलं?

पुण्याहून नगरच्या रस्त्याने सायकल हाणीत निघाले, की तिसाएक किलोमीटरवर भीमा ओलांडावी लागते. नगरचे आता अहिल्यानगर झाले आहे. रस्ता मात्र लोकांच्या तोंडी अजून नगरचाच आहे. नदीच्या अलीकडे पेरणे, पलीकडे कोरेगाव भीमा. पुढे सणसवाडीचे कारखाने मागे टाकून शिक्रापूरला डावीकडे वळले, की ट्रकांचा ससेमिरा सुटतो आणि पाबळचा रस्ता लागतो. उघडेबोडके माळ, बाभळी, आणि एक चढ संपला म्हणेपर्यंत समोर ठाकणारा दुसरा चढ. सह्याद्रीने पाऊस अडवून धरल्यावर जे काही उरते, ते या मुलखाच्या वाट्याला येते. अशा रस्त्यावर सायकलवाल्याला दोन घरांची आठवण होते. एक आपले, आणि दुसरे जिथे पाणी मिळेल ते.

मोटारवाल्याचे तसे नाही. त्याच्या काचा वर केलेल्या असतात आणि पाण्याची बाटली मांडीशी. गावे त्याला दिसतात आणि मागे पडतात. सायकलवाला चढावर उतरतो, हाश्शहुश्श करतो, पहिल्या ओसरीपाशी सायकल टेकवतो आणि निमूटपणे याचक होतो. मग तो प्रश्न येतो, "पाव्हणं, कुठलं?"

या प्रश्नावर मी मनापासून लुब्ध आहे. पुणे म्हटले तर त्याने कोणाचे समाधान होत नाही. पुण्याचे म्हणजे काय, पुण्याला तर सगळेच असतात! मूळ गाव सांगावे लागते. मग हळूच आडनाव. आडनाव कळले, की म्हातारबाबा डोळे बारीक करून स्मरणाच्या गाठोड्यात हात घालतात आणि कुठल्याशा गावी हेडमास्तर असलेल्या गृहस्थांना माझे चुलते ठरवून टाकतात. चहा येईपर्यंत माझे त्या घराशी नाते जुळलेले असते. शहरात एका जिन्यावर वीस वर्षे राहून जे साधत नाही, ते इथे दहा मिनिटांत होऊन जाते.

माझ्याबरोबर सायकलवर हिंडणारा एक मित्र आहे. पायांनी माझ्याहून दणकट, स्वभावाने गप्पिष्ट. पण तो घरून तीन बाटल्या भरून घेतो. दोन सायकलच्या दांड्याला, एक पाठीवरच्या पिशवीत. चढावर तेवढे ओझे वागवणे म्हणजे शिक्षाच. पण त्याचा नेम चुकत नाही. ओसरीवर आडनावाची पाळी आली, की तो सायकलची चेन बघायला उठतो. एकदा पाबळच्या अलीकडे बाभळीखाली बसलो असताना तो हसत म्हणाला, "घरचं पाणी बरं. त्याला उत्तरं द्यावी लागत नाहीत."

मला आवडणारा प्रश्न आणि त्याला टाळावासा वाटणारा प्रश्न शब्दाला शब्द एकच आहे. विचारणारे म्हातारबाबाही तेच. मग प्रश्न चांगला की वाईट?

कोरेगावच्या परिसरात हा विचार सोडू म्हटले तरी सुटत नाही. 1 जानेवारी 1818 रोजी कंपनीची एक तुकडी शिरूरहून रातोरात चालत या गावाशी आली आणि पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. आपण सायकलने मजेत कापतो तोच साधारण हा टापू. दिवसभर गल्लीबोळांतून लढाई चालली, आणि शेजारून भीमा वाहत असताना गावात अडकलेल्या शिपायांना अंधार पडेपर्यंत घोटभर पाणी मिळाले नाही. त्यांच्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पेरण्याच्या बाजूला जो स्तंभ उभा आहे, त्याची पायाभरणी 1821 सालची. त्यावर पडलेल्यांची 49 नावे आहेत आणि त्यांतल्या 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ज्या अक्षरांवरून गावात माणसाला वेशीबाहेर ठेवीत, तीच अक्षरे इथे मानाने दगडावर कोरली गेली. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर या स्तंभाशी आले, आणि त्याच वर्षी 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ते प्याले. स्तंभ आणि तळे यांत अडीच महिन्यांचे अंतर.

त्यांच्या लहानपणीची एक हकीकत दुसऱ्या एका कोरेगावाची आहे. आपल्या आठवणींत त्यांनी गावाचे नाव तसेच दिले आहे. साल 1901. सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर एक तलाव खोदला जात होता आणि वडील तिथे नोकरीला होते. त्यांना भेटायला ही मुले आगगाडीने मसूरला उतरली. चांगले कपडे, नीटनेटकी पोरे. स्टेशनमास्तरने प्रेमाने चौकशी केली, तुम्ही कोण? मुलांनी खरे ते सांगितले आणि त्याचा चेहरा पालटला. पुढे बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाड्याने, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या अटीवर. डबा बरोबर होता, पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले, तेव्हा नाकेदाराने डोंगराकडे बोट दाखविले. तलावाच्या कामावर निघालेली मुले रात्रभर तहानलेली राहिली.

स्टेशनमास्तरचा प्रश्न आणि माझ्या म्हातारबाबांचा प्रश्न यांत फरक काय? सूर दोघांचाही मायेचाच होता.

कोणी म्हणेल, आता हे कशाला उगाळता? राज्यघटनेने 1950 साली हे मिटविले. खरे आहे. घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते ही एकाच दमात मोजली आहेत, आणि मला त्याचे फार अप्रूप वाटते. रस्ता आणि पाणी यांचे नाते ते लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. पण याच परिसरात 1 जानेवारी 2018 रोजी दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर काही काळ तरी या रस्त्यावर 'कुठलं?' हा शब्द साधा राहिला नव्हता.

दुसरा एक तोडगा आजच्या काळाने काढला आहे, तो म्हणजे दुकानातली बाटली. वीस रुपये टाका, पाणी घ्या; नाव नको, गाव नको. नाक मुरडायला ही गोष्ट सोपी आहे, पण मी मुरडणार नाही. जुने गावपण आणि ही बाटली यांतून एकच निवड म्हणाल, तर मी बाटली निवडीन. तिला यजमान नसतो हे खरे. पण ती कोणाला डोंगराकडे बोट दाखवीत नाही.

तरी माझे मन त्या म्हातारबाबांच्या ओसरीवर घोटाळते, आणि त्याला एक कारण आहे. आपल्याकडची जुनी रीत अशी, की दारी आलेल्याला आधी गूळपाणी द्यायचे आणि मग विचारपूस करायची. या रितीतला क्रम मला मोलाचा वाटतो. स्टेशनमास्तरने आधी विचारले, नाकेदारानेही आधी 'तुम्ही कोण?' हेच विचारले. पाण्याआधी येणारा प्रश्न चाळणीसारखा असतो, वरचे वर आणि खालचे खाली. पाणी पोटात गेल्यावर आला, तर उत्तर काहीही असो, प्यालेले पाणी परत घेता येत नाही. विचारणाऱ्याने आपले हात आधीच बांधून घेतलेले असतात.

हे मी मित्राला सांगितले. तो म्हणाला, "आधी तांब्या दिला, तरी आडनाव ऐकून तो नंतर कुठं ठेवला जातो, तेही बघ." याला माझ्याजवळ उत्तर नाही. क्रम पाळूनही मन चुकवता येते. मी एवढेच म्हणेन, की मन सुधारायला पिढ्या जातात, क्रम आजच्या आज सुधारता येतो, आणि तहान आजची असते.

पाबळला मस्तानीचे स्थान आहे. कोणी त्याला समाधी म्हणतात, कोणी कबर. 'कोणाची?' हा प्रश्न बिचारीला मेल्यावरही सुटलेला नाही. आम्ही तिथून परत फिरलो, तेव्हा मित्राच्या तिन्ही बाटल्या संपल्या होत्या. रस्त्याकडेला शाळेजवळ एक हापसा होता. हापशाची गंमत अशी, की दांडा हाणणारा एक आणि ओंजळ धरणारा दुसरा, अशी दोन माणसे लागतात. आम्ही आपसांत पाळी लावणार, तोच आठनऊ वर्षांची एक मुलगी धावत आली. दांड्याला अक्षरशः लोंबकळून तिने पाणी काढले. आधी मित्र प्याला, मग मी. मग तिने फ्रॉकला हात पुसले आणि त्याच्याकडे वळून तिचा प्रश्न विचारला, "काका, सायकल केवढ्याला?"

त्याने किंमत सांगितली. गियर किती ते सांगितले, ते कशाला असतात तेही सांगितले, आणि चेन न बघता तिला सायकलवर बसवून शाळेभोवती एक फेरी मारून आणली.